शेवटून चालणारा पुढारी

'पुढारी' हा शब्द मराठीत केव्हा बिघडला याचा कोणी शोध घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. जो पुढे असतो तो पुढारी, एवढा साधा त्याचा अर्थ. परंतु आज घरातल्या थोराने पोराला "फार पुढारपण करू नकोस" असे सुनावले, की त्यात पुढे होण्याबद्दलच्या कौतुकाचा लवलेश नसतो. 'नेता' त्याहून वाईट अवस्थेत आहे आणि 'म्होरक्या' तर गुन्ह्यांच्या बातम्यांत जाऊन बसला आहे. अर्थापकर्षाची उदाहरणे म्हणून हे तिन्ही शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. मात्र माझ्या भाचीला हवे असलेले एक पद मराठीत कसे सांगावे असा प्रश्न पडला, तेव्हा या तिन्हींपैकी एकही कामाला येईना.

भाची पुण्यात वाढलेली; अमेरिकेच्या ईशान्येकडील एका विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेते. तिथे वर्ग सुरू होण्याआधी नव्याने प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना आठ-दहांच्या गटांनी चार-पाच दिवस डोंगरात नेतात. पाठीवर सॅक, रात्री ताडपत्रीखाली मुक्काम, स्वतः रांधून खायचे. प्रत्येक गटाबरोबर दोघे जण असतात आणि तेही विद्यार्थीच, एखाद-दुसऱ्या वर्षाने मोठे. प्राध्यापक नाही, शिपाई नाही, प्राचार्यांचा प्रतिनिधी नाही. या दोघांपैकी एक होण्यासाठी भाचीने अर्ज केला. पहिल्या वर्षी तिला नाकारले, दुसऱ्या वर्षी घेतले. त्या काळात तिने फोनवर जे सांगितले त्यातून काही विचार सुचले आणि माझी स्वतःची एक जुनी बोच वर आली. दोन्ही येथे मांडायचे आहे.

'ओरिएंटेशन' म्हटले की आम्हा प्राध्यापक मंडळींना पदोन्नतीसाठी करावे लागणारे, चार आठवड्यांचे उद्बोधन वर्गच आठवतात. त्यांतून कोणाला कोणती दिशा गवसली हा वेगळा विषय. विद्यार्थ्यांसाठीही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. हेतू उत्तम. आमच्या सभागृहात मात्र तिचे रूपांतर दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मनोगत आणि आभार या ओळखीच्या पंचपदीत झाले. नवी मुले तीन तास खुर्च्यांवर बसली आणि शेजारच्या मुलाचे नाव न कळता घरी गेली.

अमेरिकेतली ही प्रथा बरीच जुनी आहे. न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर या छोट्या गावी डार्टमथ कॉलेज आहे. तिथे १९०९ मध्ये फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने आउटिंग क्लब स्थापन झाला आणि १९३५ पासून नवागतांच्या सहली सुरू झाल्या. प्रिन्स्टनचा 'आउटडोअर अ‍ॅक्शन' हा उपक्रम १९७४ चा, हार्वर्डचा १९७९ चा. डार्टमथच्या सहलींचा शेवट मूसिलॉक नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लाकडी लॉजमध्ये व्हायचा. तिथे हिरवा रंग घातलेली अंडी वाढायची वर्षानुवर्षांची प्रथा. कारण 'डॉक्टर स्यूस' या नावाने मुलांसाठी लिहिणारे थिओडोर गाइझेल हे याच कॉलेजचे १९२५ चे पदवीधर. वरच्या वर्गांतली मुले केस रंगवून, विचित्र कपडे घालून नवागतांसमोर नाचतात. प्रथमदर्शनी मला हा पोरकटपणा वाटला. मग ध्यानात आले, की ज्याच्या हाती चार दिवस गटाची सूत्रे राहणार आहेत तो प्रथम स्वतःचे हसे करून घेतो. नव्या मुलाच्या मनात 'आपण हास्यास्पद दिसू' ही जी धास्ती असते, तिच्यावरचा हा तोडगा आहे. आमच्याकडे विद्यार्थी प्रतिनिधी निवडला की आधी त्याच्या गळ्यात हार पडतो.

या सगळ्यामागचा विचार मात्र केवळ मौजेतून आलेला नाही. कुर्ट हान हा जर्मनीतला शिक्षक, ज्यू कुटुंबात जन्मलेला. हिटलरला उघड विरोध केल्याबद्दल १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि सुटकेनंतर तो ब्रिटनला गेला. महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी जीवरक्षक नावांमध्ये दिवसेंदिवस तरंगत राहत. अशा प्रसंगी अंगाने धडधाकट असलेले तरुण खलाशी आधी दम सोडतात आणि वयस्कर मात्र तग धरतात, असे लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाचे मत झाले होते. होल्ट आणि हान यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोवी येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला खलाशी जे म्हणतात, तेच शाळेचे नाव. १९६२ मध्ये ही चळवळ कोलोरॅडोत पोहोचली. तिथे शिकवणारा गिर्यारोहक पॉल पेट्झोल्ट याला जाणवले, की मुलांना डोंगरात न्यायला लोक उत्सुक आहेत, पण नेणाऱ्याला काय यायला हवे ते शिकवणारी जागाच नाही. म्हणून त्याने १९६५ मध्ये वायोमिंग राज्यात स्वतंत्र संस्था काढली. दोर कसा बांधावा याइतकेच, तंबूतल्या सोबत्याशी आठव्या दिवशी कसे वागावे हेही शिकवण्याजोगे कौशल्य आहे, हा त्याचा आग्रह होता. मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुढारपण ही जन्मजात देणगी नसून शिकता येण्याजोगी विद्या आहे, असे एकदा मानले की ते कोणाकडे असावे याचा निर्णय आवाज, आडनाव आणि अंगकाठी यांच्या हातून निसटतो.

भाचीला पहिल्या वर्षी का नाकारले याची हकीकत या संदर्भात ऐकण्यासारखी आहे. तिला खात्री होती की आपल्याला घेतीलच. आठवीपासून ती बापाबरोबर राजगड, हरिश्चंद्रगड करीत आलेली. पावसात चूल पेटवणारी, अंधारात वाट काढणारी. निवडीच्या वेळी आठ उमेदवारांना एक ताडपत्री आणि दोऱ्या देऊन निवारा उभारायला सांगितले. हिने सात-आठ मिनिटांत तो उभा केला. गाठी पक्क्या, उतार बरोबर. आठवड्याने नकार आला.

"मावशी, मी एकटीने केलं गं सगळं," ती चिडून म्हणाली.

वाक्य पूर्ण झाल्यावर तीच गप्प झाली. बाकीचे सात जण त्या वेळी काय करीत होते, असे मी विचारले. तिला आठवेना. एक मुलगा दोरीचे टोक हातात धरून उभा होता एवढे आठवले, आणि ते टोक तिने "दे इकडे" म्हणून घेतले होते.

दुसऱ्या वर्षी निवड झाल्यावर प्रशिक्षण सुरू झाले. दोन दिवसांचा, सोळा तासांचा प्रथमोपचाराचा वर्ग. त्यात 'वाइल्डरनेस' म्हणजे काय याची व्यवहारी व्याख्या केलेली असते: जिथून पुरेशा वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो ते ठिकाण. (या हिशेबाने माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची घरे 'वाइल्डरनेस'मध्ये मोडतील. त्यांना कोणी सोळा तासांचे प्रशिक्षण दिलेले नाही.) भिजलेले सुती कापड अंगातली ऊब शोषून घेते, म्हणून थंड डोंगरात सुती कपडे नकोत, हे ऐकून खादीचे सदरे घेऊन गेलेली भाची खजील झाली. नकाशा, होकायंत्र, स्टोव्ह, अस्वलांपासून अन्न राखणे. आणि वाटेवर चालण्याचा क्रम: दोघांपैकी एक जण पुढे आणि दुसरा सर्वांच्या मागे. मागच्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. गटाची चाल पुढच्याने नव्हे, सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरायची. भाचीला पहिले दोन दिवस मागे चालायला दिले होते, आणि जन्मात पहिल्यांदाच, ती म्हणाली, मी डोंगर न पाहता माणसांच्या पाठी पाहत होते.

या शिक्षणातला एक धडा सांगताना ती हसत होती. मला मात्र हसू आले नाही. सहलीच्या पहिल्या संध्याकाळी या विद्यार्थ्याने हातात छोटे खुरपे घेऊन नवागतांना उघड्यावर शौचाला कसे बसावे ते सांगायचे असते. खड्डा सहा ते आठ इंच खोल. पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून दोनशे फूट, म्हणजे सुमारे सत्तर पावले दूर. मुलींनी पाळीत काय करायचे, वापरलेले पॅड कशात गुंडाळून परत न्यायचे, हेही तिथेच, मुलांच्या देखत, न लाजता. ज्या गोष्टी प्रत्येकाच्या मनात असतात आणि कोणीच विचारणार नाही, त्या न विचारता आधी बोलून टाकायच्या.

येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षे मी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते. ही योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दी वर्षातली. दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबीर घ्यावे लागते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी गट पाडले आणि प्रत्येक गटाला गटप्रमुख नेमला. कसा नेमला? ज्याचा आवाज मोठा, जो घोषणा खणखणीत देतो, ज्याला सरपंचांशी बोलता येते, तो. तिसऱ्या दिवशी श्रमदान चालू असताना प्रथम वर्षातली एक मुलगी चक्कर येऊन पडली. ऊन लागले असे आम्ही सारे म्हणालो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला आणि ती रडू लागली. शाळेच्या संडासाला कडी नव्हती. मुले तिकडेच नळावर आंघोळ करीत. म्हणून तिने दोन दिवस जवळजवळ पाणीच प्यायले नव्हते.

तिच्या गटाच्या प्रमुखाला याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता, आणि मी स्त्री आहे. पत्ता होता तो तिच्याच गटातल्या दुसऱ्या एका मुलीला. ही कधी हात वर न करणारी, हजेरीलाही पुटपुटत उत्तर देणारी. ती दोन रात्री त्या मुलीसोबत उठून संडासाच्या दाराशी पाठ करून उभी राहिली होती. मला का नाही सांगितलेस, असे मी तिला जरा रागानेच विचारले. "मॅडम, मी गटप्रमुख नव्हते," ती म्हणाली. समारोपात उत्कृष्ट स्वयंसेवकाचे प्रमाणपत्र घोषणा देणाऱ्या मुलाला मिळाले. ते मीच दिले. यादी आधी छापून आली होती, हे कारण खरे आहे आणि पुरेसे नाही.

भाचीचा सत्तर पावलांचा धडा ऐकताना मला ते दार आठवत राहिले.

आता इतके कौतुक केल्यावर शंकांनाही जागा दिली पाहिजे, नाहीतर परदेशाहून आलेल्या पत्राने भारावलेल्या जुन्या मराठी लेखकांच्या पंक्तीत मी जाऊन बसेन. पहिली शंका खुद्द 'रान' या कल्पनेबद्दलची. विल्यम क्रोनन या अमेरिकन इतिहासकाराने १९९५ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात, 'वाइल्डरनेस' ही निसर्गाने दिलेली नसून माणसांनी रचलेली गोष्ट आहे, असे प्रतिपादन केले. न्यू हॅम्पशरच्या ज्या डोंगरांत ही मुले 'अस्पर्श' निसर्ग अनुभवतात तिथे मुळात अबेनाकी लोक राहत होते. एकोणिसाव्या शतकात तिथली झाडी लाकूड कंपन्यांनी तोडून नेली. १९११ च्या कायद्यामुळे सरकारने जमिनी विकत घेतल्या आणि जंगल पुन्हा वाढू दिले. मराठीला हा मुद्दा समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे 'रानात गेलाय' याचा अर्थ शेतात कामाला गेला असाही होतो. माझ्या विद्यार्थिनींच्या आया रोज रानात असतात. त्या मुलींना चार दिवस रानात राहून आत्मशोध घ्या असे सांगितले तर त्या आदराने ऐकून घेतील आणि बाहेर जाऊन हसतील.

दुसरी शंका पैशाची. सॅक, बूट, पावसाळी कोट हे स्वस्त प्रकरण नाही. अनेक विद्यापीठे शुल्क माफ करतात, सामान उसने देतात हे खरे. पण भाचीच्या गटात एक मुलगा पहिल्या दिवसापासून मागे पडत होता. विचारले की "मी ठीक आहे" म्हणायचा. दुसऱ्या संध्याकाळी पावसात सगळे ताडपत्रीखाली बसले असताना हिने स्वतःचे मोजे काढून टाचेवरचा फोड सर्वांना दाखवला आणि त्यावर पट्टी लावू लागली. मग एकेकाने आपापले पाय पुढे केले. त्या मुलाच्या दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. बूट विद्यापीठाच्या कोठारातून आणलेले, अर्ध्या मापाने मोठे. बाकीच्यांचे बूट स्वतःचे होते, म्हणून तो बोलला नव्हता. शुल्क माफ होते, लाज माफ होत नाही. तिच्या पायाला खरोखर फोड होता का, असे मी विचारले. "लहानसा होता," असे उत्तर मिळाले.

तिसरी शंका भाचीनेच उपस्थित केली. दुसऱ्या वर्षी आपण खरोखर बदललो म्हणून निवडले गेलो, की निवड करणाऱ्यांना काय ऐकायला आवडते हे तोवर कळले होते म्हणून, हे तिला सांगता येत नाही. नम्रतेचीही तालीम होते. पुढे नोकरीच्या अर्जात हे चार दिवस 'नेतृत्वगुण' या सदरात जमा होतात. मला वाटते, ही शंका रास्त आहे आणि तिच्यामुळे फारसे बिघडत नाही. मनापासून बांधलेली पट्टी आणि शिकवले म्हणून बांधलेली पट्टी यांतला फरक टाचेला कळत नाही.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. वरच्या वर्गातल्या मुलाचा खालच्या वर्गातल्या मुलाशी काय संबंध असावा, याबद्दल आपल्या व्यवस्थेला एकच गोष्ट ठाऊक आहे आणि ती निषेधाची आहे: महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. तो हवाच होता. परंतु मोठ्या मुलाने काय करू नये हे सांगून झाल्यावर त्याने काय करावे हे कोणी सांगितले नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषद गुणवत्तेवर नेमायचे ठरवले, म्हणजे वर्गात ज्याला सर्वाधिक गुण तो प्रतिनिधी. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद आली. एकीकडे गुणपत्रिका, दुसरीकडे मतपत्रिका. काळजी घेणे हे शिकवून, तपासून, मग सोपवायचे काम आहे, ही तिसरी शक्यता दोन्हींत बसत नाही.

आणि भीती आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तो दिवस महाराष्ट्रातला कोणताही प्राध्यापक विसरलेला नाही. त्यानंतर आमच्याकडे सहलीचा विषय निघाला की प्रथम हमीपत्रे निघतात. पालकांची सही, विद्यार्थ्याची सही, 'काही विपरीत घडल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही'. ही भीती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण हमीपत्राने कोणाचा जीव वाचत नाही. गटात दहा मुलांमागे दोघे असे असावेत की ज्यांना दहाही जणांची नावे पाठ आहेत, कोणाला पोहता येत नाही हे ज्यांनी आदल्या रात्री विचारून ठेवले आहे, आणि "इथून पुढे जायचे नाही" हे ज्यांच्या तोंडून आले तर बाकीचे ऐकतील. असे दोघे एका दिवसात तयार होत नाहीत, आणि त्यासाठी अमेरिकेतले डोंगरही लागत नाहीत.

मी आमच्या प्राचार्यांपुढे एक छोटा प्रस्ताव ठेवला. दीक्षारंभाच्या आठवड्यात प्रथम वर्षाच्या मुलांचे दहा-दहाचे गट करावेत आणि प्रत्येक गट द्वितीय वर्षाच्या दोघांकडे द्यावा. या दोघांना आधी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून प्रथमोपचार शिकवावेत. मग त्यांनी नव्या मुलांना बसस्थानक, ग्रंथालय, शिष्यवृत्तीची खिडकी, मुलींचे स्वच्छतागृह आणि त्याची किल्ली कोणाकडे असते इथपासून सारे दाखवावे. शेवटच्या दिवशी जवळच्या टेकडीवर चालत जाऊन यावे. प्राचार्य भले गृहस्थ आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा मागवला आणि विचारले, "मॅडम, कल्पना चांगली आहे. पण काही झाले तर जबाबदार कोण?"

टेकडी तूर्त वगळली आहे. बाकीच्याला तोंडी होकार आहे. द्वितीय वर्षाची निवड कशी करायची ते अजून ठरायचे आहे. भाचीने ताडपत्रीचा प्रयोग सुचवला आहे आणि आमच्याकडे वैरण झाकायच्या ताडपत्र्यांना तोटा नाही. शिबिरात दाराशी पाठ करून उभी राहिलेली ती मुलगी आता शेजारच्या तालुक्यात अंगणवाडीत काम करते. पहिल्या दिवशी मुलांशी बोलायला येशील का, म्हणून मी तिला फोन केला होता. "मी काय बोलणार, मॅडम?" असे तिने विचारले, आणि मग, तारीख कोणती, असेही विचारले.